भिजलेल्या कुत्र्याचा वास

देवरुखच्या शाळेतली दुसरीची मुलं दर बुधवारी चंद्रावरच्या वस्तीतल्या दुसरीबरोबर पडद्यावर चित्रांचं पुस्तक वाचायची. मुक्ताला तो तास नकोसा झाला होता. तिची जिवलग मैत्रीण शाल्मली हल्ली सारखी तिकडच्या इरावतीबद्दलच बोलायची. इरावती सहज छतापर्यंत उडी मारायची आणि सगळा वर्ग बघत राहायचा.

त्या दिवशी पुस्तकात ओढ्यात भिजलेलं कुत्रं होतं. इरावतीने विचारलं, "भिजलेल्या कुत्र्याचा वास कसा असतो?"

"मुक्ताकडे कुत्रा आहे. मुक्ता, तू सांग बरं," बाई म्हणाल्या.

मुक्ताला तो वास चांगला ठाऊक होता. तरी ती म्हणाली, "मला नाही माहीत."

इरावतीचा चेहरा उतरला. "शाल्मली म्हणते, तुझा कुत्रा तुझ्या मांडीवर झोपतो. म्हणून मला तू आवडत नाहीस."

मुक्ता चमकली. आपल्यावरही कुणी जळतं, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. ती उठून पडद्याजवळ गेली.

"ओल्या गोधडीसारखा असतो," ती हळूच म्हणाली. "आता तू सांग, उडी मारल्यावर पोटात कसं होतं?"