समोरचं कॉलेज

"मावशीच्याच कॉलेजात ॲडमिशन घेते," केतकी म्हणाली आणि शैलजाच्या कपाळाला आठ्या पडल्या. रस्त्याच्या अलीकडे ती शिकली ते कॉलेज, पलीकडे पाठची बहीण शिकली ते. दोन्ही आर्ट्सची, दोन्ही लहानशी, इमारतीही तशाच दगडी.

"माझ्या कॉलेजात काय वाईट आहे?"

"तसं नाही गं आई. पण मावशी नाटकाच्या तालमी, कँटीनची मिसळ, काय काय सांगत असते. तू कधी काही सांगितलंच नाहीस."

हिनं आता माझी लेकही पळवली, या विचारानं शैलजाचा नुसता जळफळाट झाला. आपणही काहीतरी झकास सांगावं म्हणून तिनं तोंड उघडलं.

तिला आठवली ती वर्गातली खिडकीजवळची जागा. तिथं बसून रोज दिसायच्या त्या समोरच्या तालमी, समोरचं कँटीन आणि घोळक्यात खिदळणारी बहीण.