कुठी चालले?

जगदेव पत्ते कुटायला रिसोडच्या क्लबात निघाला, की त्याची बायको मनकर्णा बरोबर पाठीमागून विचारायची, "कुठी चालले?"

"झाला अपशकुन! किती खेपा सांगतलं, निघताना इचारत नको जाऊ."

"इसरलो जी. बसा, पाणी आणतो."

हटकलेल्या माणसानं घटकाभर बसून, पाणी पिऊन मगच निघायचं; नाही तर डाव हमखास जाणार. तेवढ्या वेळात मनकर्णा जवळ टेकायची, काहीबाही बोलत राहायची.

ती वारल्यापासून कोणी हटकत नाही. पत्ताही झकास लागतो.

आज जगदेव उंबऱ्यातच थांबला. "कुठी चालले?" त्यानं स्वतःच मोठ्यानं विचारलं, आणि आत येऊन पाण्याची वाट पाहत बसला.