खाण्याचा मका

शिवारभर आता इंधनाचाच मका होता. त्याच्या दाण्यांतच स्पिरिट तयार होई, त्यामुळे पाखरंसुद्धा फिरकत नसत. पेरणी-काढणी यंत्रंच करत. गाव शहरात गेलं होतं. मागे उरल्या एकट्या कोंडाबाई.

त्यांनी परसात खाण्याचा मका लावला. निर्यातीच्या नियमाप्रमाणे असं पीक माणसानंच समक्ष येऊन उपटायचं होतं, म्हणून तपासनीस शिरसाट आला.

"मावशी, याची भेसळ झाली तर परदेशातून सगळा माल परत येतो. दरवर्षी बजावून जातो, तरी लावताच?"

"न लावून कसं चालेल? मग तू कशाला येशील, बाबा?"

शिरसाट चुलीपाशी टेकला. कोंडाबाईंनी कणीस भाजायला ठेवलं आणि जाळ मुद्दाम कमी केला.