सात पावलं

भांडून घर सोडून गेलेल्या दादाचं चार वर्षांपूर्वी पत्र आलं होतं. ‘सेप्टिक टाकीचं झाकण मागच्या पायरीपासून सात पावलांवर, मातीखाली आहे. वेळेवर उपसून घे.’ ना ख्याली, ना खुशाली! धाकट्याने रागाने उत्तरच दिलं नाही.

आज संडास तुंबला, तेव्हा ते पत्र बाहेर निघालं. दादा उंच, शिवाय सगळं आपल्याच मापाने मोजणारा. म्हणून धाकट्याने लांब लांब सात ढांगा टाकल्या. टाकी उपसणाऱ्याची पहार नुसती मातीत रुतत राहिली.

“काका, हरणासारख्या उड्या काय मारताय? रोजच्यासारखं चाला की!”

तो रोजच्यासारखा चालला. सातव्या पावलाला पहार ठण्णकन वाजली.

दुपारीच त्याने पत्र टपालात टाकलं. ‘दादा, झाकण सापडलं. तू माझी पावलं मोजली होतीस, ते आज कळलं. घरी ये.’