तिसरा फिल्टर

हर्षिताने चपला काढायच्या आतच अण्णांनी हात पुढे केला. तळहातावर मुठीत मावेल एवढा काळा प्लॅस्टिकचा फिल्टर होता.

"हा पण तुंबला बघ. वारा जाईना."

हेब्बाळच्या ऑफिसातून राजाजीनगरला घरी यायला आज तिला पावणेदोन तास लागले होते, त्यातला निम्मा वेळ बसमध्ये उभ्याने. खांद्यावरची बॅग उतरवण्याचंही त्राण नव्हतं. तिने फिल्टर घेतला आणि तशीच स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली. पहिला चार महिने चालला होता. दुसरा दीड महिना. हा येऊन जेमतेम बारा दिवस झाले होते.

लेकीला, अक्षराला, दमा निघाल्यावर डॉक्टरांनी बजावलं होतं, घरात धूर नको. सासऱ्यांची, म्हणजे अण्णांची, चाळीस वर्षांची सिगारेट काही सुटेना, आणि गुडघे दुखतात म्हणून ते जिनाही उतरेनात. मग हर्षितानेच ही वस्तू शोधून आणली. झुरका घ्यायचा आणि धूर सोडायचा तो ह्याला ओठ लावून. आत कोळसा भरलेला. धूर तिथेच अडकतो, पलीकडच्या भोकांतून नुसती हवा येते. अण्णा मागच्या धुण्याच्या जागेत दार लावून, खिडकी उघडून बसत. फिल्टरची निगा मात्र तिच्याकडे आली. दर रविवारी तोंडाकडची बाजू कोरड्या फडक्याने पुसायची, पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही, दोन्ही टोपणं घट्ट लावायची. ह्यातून श्वास आत ओढायचा नाही, हे अण्णांना पुन्हापुन्हा सांगायचं.

"अण्णा, खरं सांगा. दिवसाला किती ओढता?"

"तीनच की."

"तिनांनी बारा दिवसांत नाही हो तुंबत हा."

"मग मी काय खोटं बोलतो?" अण्णांचा आवाज चढला. "मालच खराब येतोय. पीण्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं ग्राइंडिंग मशीनवर काढली मी. फिल्टर तुंबलेला मला कळत नाय काय?" एवढं बोलून त्यांनी भिंतीला हात टेकला. जरा थांबून म्हणाले, "दुसरा मागव. सरी? बरं काय?"

नवरा, अभिराज, दहा दिवसांपासून तुमकूरला साईटवर होता. अक्षराचा डबा सिंकमध्ये तसाच पडला होता. त्यात आता हे. ती तरातरा मागच्या बाजूला गेली आणि अण्णांचा राख झाडायचा डबा उघडला. आज तिनापेक्षा जास्त थोटकं सापडली की बोलायचंच, असं तिने ठरवलं होतं.

डब्यात आजची तीनच थोटकं होती. त्यातली दोन अर्ध्यावरच विझवलेली.

ती परत आली. टोपण अर्धवट निघालं असेल, कोळसा ओला झाला असेल, काहीतरी असेलच. तिने दोन्ही टोपणं काढली, दिव्याखाली धरून भोकं पाहिली, फडक्याने तोंड पुसलं आणि ओठ लावून फुंकर मारली.

हवा सहज गेली.

तिला वाटलं, आपलंच काही चुकलं. तिने पलीकडे तळहात धरला आणि पुन्हा फुंकलं, सूचनेच्या कागदावर लिहिलं होतं तसं, हळू, लांब. उबदार हवा तळहातावर येत राहिली. कुठे अडखळली नाही.

अण्णा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून बघत होते. आयुष्यभर मशीनवर उभा राहिलेला माणूस. बिघाड कुठे आहे हे कळायला त्यांना कितीसा वेळ लागणार?

हर्षिताला एकेक आठवू लागलं. उगादीच्या सणापासून त्यांनी दूध आणायला जाणं सोडलं होतं. आंघोळीनंतर ते पलंगावर बसून राहत. फोनवर बोलता बोलता मध्येच 'नंतर करतो' म्हणत. गुडघे दुखतात, असं तेच सांगत होते, आणि तिने ते ऐकून घेतलं होतं. वाद घालायला वेळ कुणाकडे होता?

"टोपण राहिलं असेल मघाशी," ती घाईघाईने म्हणाली. "आता बघा बरं."

अण्णांनी फिल्टर हातात घेतला. तो त्यांनी उगाच थोडा वेळ उलटासुलटा केला. मग ओठांना लावला. तिने पलीकडे तळहात धरला.

त्यांचे गाल फुगले. मानेच्या शिरा वर आल्या. छातीतून बारीक शिटीसारखा आवाज निघाला. हर्षिताचा हात तसाच पुढे होता, पण तळहाताला काही लागेना. बोटं तिने आणखी जवळ नेली, अगदी भोकांना टेकवली.

"आला," ती म्हणाली. "लागला हाताला."

अण्णांनी फिल्टर ओट्यावर ठेवला आणि स्टूल ओढून बसले. दम जागेवर यायला बराच वेळ गेला. आतल्या खोलीत अक्षरा मोठमोठ्याने कन्नडचा धडा वाचत होती.

"टोपण राहिलं नव्हतं," अण्णा म्हणाले.

"हं."

"फुंकताना मीच काढली होती. दोन्ही."

तिने खांद्यावरची बॅग काढून खाली ठेवली, पेल्यात पाणी ओतून त्यांच्यासमोर धरलं. दवाखान्याचं नाव काढलं की हा माणूस ताटावरून उठून जायचा. आता कुठून सुरुवात करावी, ह्याचे शब्द ती जुळवत होती.

अण्णांनी दोन घोट घेतले. पेला दोन्ही हातांत धरून ठेवला. तिच्याकडे न बघता म्हणाले,

"उद्या रजा मिळंल काय तुला?"