आबासाहेबांचा अबोला

आदिनाथनं ॲसिडच्या बाटलीचं झाकण फिरवलं आणि आबासाहेबांनी झडप घालून ती हिसकावून घेतली. तोंडावर टॉवेल, डोळे वटारलेले. मान जोरजोरात नाही-नाही हलत होती. तोंडातून शब्द मात्र एक नाही.

"आबा, संडास तुंबलाय की," आदिनाथ म्हणाला. "प्लंबर फोन उचलंना. दुपारच्या गाडीनं पायलचे वडील येणार. त्यांना काय शेजारी धाडू?"

आबासाहेबांनी बाटली माळ्यावर लांब सारली आणि ते संडासाच्या दारातच ठाण मांडून बसले.

पायल स्वयंपाकघराच्या दारातून हे बघत होती. शुक्रवार पेठेतल्या या घरात ती सून म्हणून आली त्याला चार महिने झाले होते. सासूबाई आधीच वारलेल्या, घरात माणसं तीनच. सुरुवातीचे दिवस झकास गेले. आबासाहेब म्हणजे बोलायला लागले की समोरच्याचा चहा गार व्हायचा. लग्नाच्या पंगतीत तर त्यांनी पायलच्या वडिलांसमोर, अण्णांसमोर, कडक भाकरी कडाकडा चावून दाखवली होती. "सत्तरी आली व्याही, पर बत्तीसच्या बत्तीस शाबूत हायत बघा." अण्णांचे पुढचेच दात पडलेले. ते बिचारे भाकरी आमटीत बुडवून गुमान जेवले.

मग चटणीचा दिवस आला. पायलनं आईच्या पद्धतीनं, उखळात कुटून शेंगाचटणी केली. आबासाहेब जेवले, आणि त्या जेवणापासून त्यांची वाचाच बसली. भाकरी ताटात तशीच पडून राहायची. नुसता दूधभात गिळायचा, टॉवेलनं तोंड झाकायचं आणि सारखं संडासात जाऊन कडी लावायची.

पायलनं काय ते ओळखलं. चटणी बाधली, पोट बिघडलं, आणि म्हातारा मनात धरून बसला. तिनं माफी मागितली, तर ते हात हलवून निघून गेले. आदिनाथ म्हणाला, "आबा हायत, हुत्याल नीट." त्याला बोलायला काय जातंय. तो दिवसभर अक्कलकोट रोडच्या कारखान्यात, आणि मुक्या घरात दिवस काढायचा हिनं. एक आठवडा तिनं काढलाही. काल मात्र रडू आवरेना, तेव्हा तिनं माहेरी, जेऊरला फोन लावला. "अण्णा, मला न्यायला या." परत कधी यायचं ते तिनंही सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. बॅग भरून कपाटाआड ठेवली होती.

पण घर असं तुंबलेलं टाकून जायला तिचा जीव होईना. तिनं ओढणी कमरेला बांधली आणि हातांत प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या.

"तुमी आतनं बांबूची कामटी घाला," ती आदिनाथला म्हणाली. "मी बोळात जाऊन पाइपाचं झाकण उघडते."

हे ऐकलं आणि आबासाहेब ताडकन उठले. तिच्या आधी तेच बोळात पोचले. बादली पाइपाखाली नीट लावून बसले, आणि बादलीवरची नजर काही हलेना.

आतून आदिनाथनं पहिल्यांदा ढोसलं, काही नाही. पुन्हा ढोसलं, तर पोटात कळ आल्यासारखा पाइप गुडगुडला. मग एकदम सगळं बादलीत आलं. वासाचं न बोललेलं बरं. सगळ्यात शेवटी बादलीत कटकन काहीतरी वाजलं. पायलनं ते काडीनं उचलून वर धरलं.

दात होते. गुलाबी हिरडीसकट वरची अख्खी कवळी.

पायलनं आबासाहेबांकडं बघितलं. त्यांनी तोंडावरचा टॉवेल हळूच खाली घेतला. वरचा ओठ पार आत गेला होता.

"हळू बोल," ते फुसफुसले. "आदिनाथला ठाव न्हाय. फकस्त तुझ्या सासूला ठाव हुतं."

"म्हंजी तुमी माझ्यावर रागावला न्हवता?"

"तुझ्यावर? आगं, चटणी लई झाक झालती. मागून मागून खाल्ली. दाणं अडकलं कवळीत. मोरीवर कुणी बघंल म्हणून हितं कडी लावून धुवाय बसलो, आन सटकली हातातनं. तोंड उघडलं असतं तर समद्यांना कळलं असतं की."

पायलला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले. आठवडाभर ती ज्या चटणीला शिव्या घालत होती, ती म्हाताऱ्यानं मागून मागून खाल्ली होती.

"निघालं का काय?" आतून आदिनाथ ओरडला.

"निघालं. चिंधी हुती जुनी," पायलनं सांगितलं आणि कवळी पिशवीत गुंडाळली.

दुपारी अण्णा आले तेव्हा कवळी माळ्यावरच्या डब्यात, औषधाच्या पाण्यात भिजत पडली होती. आबासाहेबांच्या तोंडावर पुन्हा टॉवेल. त्यांनी व्याह्यांना हात जोडले, पाट दाखवला, पण बोलले नाहीत. अण्णांचा चेहरा उतरला. ते उठून स्वयंपाकघरात लेकीजवळ आले.

"तुझं खरं हाय, पोरी. व्याही माझ्याशीबी बोलंनात. उचल तुझी बॅग."

पायलनं ताटात चटणी वाढली आणि मागं वळूनही बघितलं नाही.

"कुटली बॅग, अण्णा? बसा जेवाय. बत्तिसातली एक दाढ दुखतीया त्यांची, म्हणून गप हायत."