पिठावरचं पाऊल

“सापडले,” पडदा सारून डॉक्टर मॅडम आत आल्या आणि म्हणाल्या. “फार नाहीत, पण जिवंत आहेत. हलताहेत.”

शेजारच्या खाटेवर प्रेरणा होती. तिची स्त्रीबीजं सकाळीच काढून घेतली होती. गुंगी पुरती उतरली नव्हती, तरी ऐकलं आणि ती रडायलाच लागली. तिचा नवरा, लिलाधर, छताकडे बघत राहिला. जांघेत बर्फाची पिशवी, त्याखाली ताजे टाके, आणि भूल उतरून ठणका आता कुठं सुरू झालेला. बातमी आनंदाची होती, हे त्याला कळत होतं. 

करडी गावच्या तलावात मासोळीचं बीज सोडणारा हा माणूस, आणि त्याच्याच वीर्यात बीज उतरत नाही, म्हणून गावानं काय कमी थट्टा केली होती? शेवटी भंडाऱ्याच्या या दवाखान्यात अंडकोश उघडून, भिंगाखाली धरून शोधायचं ठरलं. कमरेखाली बधिर केलेलं, पण लिलाधर जागाच होता. हिरव्या कापडापलीकडून मॅडमचा हळू आवाज यायचा, “इथं नाही. इथंही नाही.” प्रत्येक ‘नाही’ला त्याला बरं वाटत होतं. देवा, नाहीच सापडू दे, असं तो घोकत होता. बायको महिनाभर पोटात सुया टोचून घेते आणि नवरा देवाकडे हे मागतो. लाज वाटली त्याला, पण मागणं काही थांबलं नाही.

कारण कोण येणार, हे त्याला ठाऊक होतं.

त्याचा बाप फकिरा तलावात बुडून मेला, तेव्हा दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी घरच्यांनी रीतीप्रमाणं जमिनीवर पीठ चाळलं आणि वर टोपली पालथी घातली. मेलेला माणूस पुढं ज्या रूपात यायचा, त्याचं पाऊल पिठात उमटतं म्हणतात. कुणाचं पाखराचं निघतं, कुणाचं मांजराचं. फकिराचं निघालं लेकराचं. इवलंसं, पाच बोटांचं. भावकीतला म्हातारा सेवकराम खाली वाकला, बघितलं आणि म्हणाला, “घरातच येते फकिरा. लिलाधरच्या पोटी.” बायांनी त्याच्या मायला, जमुनाबाईला, नशीबवान म्हटलं. लिलाधर घरामागं जाऊन ओकला.

फकिरा पिऊन यायचा. दारात आधी खाकरायचा. ती खाकर ऐकली की मायलेक धान साठवायच्या ढोलीमागं लपायचे. ओलं जाळं पिळून तो त्यानंच मारायचा, आणि जाळ्याला शिशाच्या गोळ्या असतात. जमुनाबाईचा डावा कान त्यातच गेला. बाप मेला तसा मार थांबला; खाकर थांबली नाही. जेवायला बसलं की दारातून यायची. लिलाधरचा घास हातातच राहायचा. मान वर करावी, तर मायही दाराकडेच बघत असायची. त्यावर दोघं कधी बोलले नाहीत.

मूल होईना तेव्हा सगळे हळहळले. लिलाधरला मात्र वाटायचं, आपल्या देहानं आतून कडी घातलीय. बरं केलं.

“मग आजच करू या,” मॅडम म्हणाल्या. “एकेका स्त्रीबीजात एकेक शुक्राणू, सुईनं सोडायचा. हो ना?”

लिलाधर बर्फाची पिशवी सरकवत राहिला.

“आइका ना,” प्रेरणा म्हणाली. “मॅडम काय विचारून राहिल्या?”

“मले नाई पायजे.”

मॅडमनी दोघांकडे बघितलं. “गोठवून ठेवता येतील. पण इतक्या थोड्यांतले किती टिकतील, त्याची खात्री मी देणार नाही. बोलून घ्या. मी दाराबाहेरच आहे.” त्या गेल्या.

प्रेरणाचं रडणं थांबलं होतं. “काहून?” तिनं विचारलं. “इतकं सारं केल्यावर काहून?”

लिलाधरनं तिच्याकडे बघितलंच नाही. पायथ्याशी स्टुलावर माय बसली होती, डबा मांडीवर घेऊन. तिच्याकडे बघून तो म्हणाला, “तुले मालूम हाये माय, कोण येऊन राहिला तो.”

जमुनाबाईनं उजवा कान पुढं केला होता. तिनं ऐकलं. डबा खाली ठेवला आणि उठली.

“मालूम हाये,” ती म्हणाली. “किती वरसं झाली, वाटच पाहून राहिली मी त्याची.”

“त्या माणसाची? मले भेव लागते माय, अजूनही. अन् तू वाट पाहून राहिली?”

जमुनाबाई जवळ आली. त्याच्या अंगावरची चादर नीट केली, लहानपणी करायची तशीच, पायापासून वर. मग दारापर्यंत गेली आणि पडदा बाजूला केला.

“बाई,” तिनं मॅडमना हाक मारली, “हो मनते तो. करा तुमी.”

“माय…”

जमुनाबाई वळली. पदर सावरताना तिचा हात डाव्या कानापाशी थोडा थांबला.

“येऊ दे, बाबू. या खेपेले तो लहान राहीन, अन् आपण मोठे.”